अक्काचा अंगठा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

धरणगावजवळच्या आमच्या खेड्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. लोकांनी यंत्रावर अंगठा लावायचा, त्यांच्या खात्यातले पैसे मी हातात द्यायचे, एवढंच काम. लॉकडाऊनमध्ये सरकारनं शेतकऱ्यांच्या खात्यावर दोन हजार टाकले आणि माझ्या दारात रांग लागली. तोंडाला रुमाल बांधून मी सगळ्यांना पैसे दिले. पुढे ग्रामपंचायतीनं शाल-नारळ दिलं, 'कोरोना योद्धा' म्हणाले. मी मान खाली घालून घेतलं — नम्र दिसलो असेन.

सगळ्यांना दिले म्हटलं ना? एका जणीला नाही दिले.

गल्लीच्या टोकाला अक्का राहते. नवरा नाही, कोरडवाहू शेत एकटी करते. जन्मभर कापूस वेचून तिचा अंगठा पार गुळगुळीत झालाय. यंत्राला तो दिसतच नाही. दर वेळी मी तो ओल्या फडक्यानं पुसायचो, हातात धरून काचेवर दाबायचो, मग कुठे यंत्र ऐकायचं. त्या उन्हाळ्यात तिचा मुलगा सुरतेहून चालत घरी आला, आणि गावानं तिच्या दाराकडे बघणं सोडलं. आणि मी तिचा हात धरायचा? घरात माझी लहान पोरगी होती — नाही, पोरीला कशाला पुढे करू. मी माझ्याच जिवाला घाबरलो होतो.

ती आली. लांबूनच विचारलं, "भाऊ, पैसा उनात का?"

"नही उनात, अक्का."

आले होते. मला माहीत होतं.

ती परत आली, मग पुन्हा आली. घरात तेल नव्हतं, बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, तिनंच सांगितलं. मी तेच उत्तर देत राहिलो. एकदा तर तिच्या बाजूनं सरकारलाच चार शिव्या घातल्या. काय म्हणावं अशा माणसाला?

शेवटी ती भर उन्हात पायी धरणगावला बँकेत गेली. गाड्या बंद होत्या. दारावरच्या माणसानं सांगितलं, पैसे कधीच जमा झालेत, गावातच अंगठा लावा. त्याच रांगेत असलेल्या शेजाऱ्यानं मला हे येऊन सांगितलं. आता ही चारचौघांत माझे वाभाडे काढणार.

संध्याकाळी आली. ओठ सुकलेले, चप्पल तुटलेली. पदरानं अंगठा पुसला, काचेवर ठेवला आणि यंत्र ऐकेपर्यंत दुसऱ्या हातानं स्वतःच दाबून धरला.

"तू लांबच ऱ्हाय भाऊ," म्हणाली. "तुन्हा घरमा लहानी पोर शे."

आणि मी — मी लांबच राहिलो.

तिच्या मुलाला काहीही झालेलं नव्हतं. अक्का आजही त्या दोन हजारांचा सरकारी हप्ता माझ्याकडूनच घेते. गावात कुणाजवळ ती एक शब्द बोललेली नाही. आता अंगठा लागत नाही. मोबाईल तोंडासमोर धरला की चेहऱ्यावरून ओळख पटते, फक्त डोळ्यांची उघडझाप करावी लागते. "अक्का, आठे देख," एवढं मला म्हणावं लागतं.

ती बघते. मी मोबाईलकडे बघत राहतो.