एका लाईनवर दोघं

व्हीपीएन तुटलं की माझ्या तोंडून जे शब्द निघायचे, ते बाबांनी भाजीबाजारातही ऐकले नसतील. अकोल्याच्या भाड्याच्या फ्लॅटमधून मी पुण्याच्या एका कंपनीसाठी विम्याचे दावे तपासायचे. घरच्या वायफायवरून कंपनीच्या सर्व्हरपर्यंत व्हीपीएनची खासगी वाट उघडायची आणि तिच्यावरूनच सगळं काम करायचं. त्या उन्हाळ्यात ही वाट सारखी बंद पडू लागली. अर्धा भरलेला दावा उडायचा. पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी. वरच्या मॅडमनी शेवटी स्पष्ट सांगितलं, कनेक्शन सुधारा, नाहीतर पुण्याला ऑफिसात येऊन बसा. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे होते. त्यांना पुण्यात एका खोलीत नेऊन कोंडायचं की नोकरी सोडायची, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

बाबांनी जन्मभर अमरावतीजवळ मळा केला. वांगी, पालक, सांबार. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. व्हीपीएन काय असतं ते त्यांना समजावण्याच्या भानगडीत मी पडले नाही. माझा आरडाओरडा ऐकून ते दारात यायचे आणि विचारायचे, "काहून वो बाई, काय झालं?"

"लाईन टिकून नाही राहिली, बाबा."

आमच्याकडे लाईन म्हणजे वीज. पण चिडलेला माणूस शब्द निवडत बसत नाही. ते मान हलवून परत जायचे.

कंपनीच्या हेल्पडेस्कने राउटर इतक्यांदा बंद-चालू करायला लावला की त्याचं बटण सैल झालं. इंटरनेटवाल्याने वायर बदलली आणि लॅपटॉपला नावं ठेवून गेला. यूट्यूब, बँक, व्हॉट्सअॅप सगळं सुरळीत चालायचं, जीव जायचा तो फक्त व्हीपीएनचा. शेवटी एका सकाळी चालू लॅपटॉप हातात घेऊन मी घरभर फिरले. पॅसेज ओलांडताना स्क्रीनवरचं वायफायचं नाव बदललं, आणि त्याच वेळी व्हीपीएन गेलं. बाबांना त्यांच्या खोलीत फोनवर कीर्तनं बघता यावीत म्हणून मीच पॅसेजमध्ये रिपीटर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारी डबी, लावली होती. माझं टेबल नेमकं राउटर आणि रिपीटरच्या मध्ये. लॅपटॉप कधी राउटरला धरायचा, कधी रिपीटरला, आणि हात बदलताना क्षणभर सुटायचा. बाकी कशाला त्याचा पत्ताही लागायचा नाही, व्हीपीएन मात्र तेवढ्यात मान टाकायचं. मी लॅपटॉपमधून रिपीटरचं नाव काढून टाकलं. बाबा पेपर वाचत होते. त्यांना सांगावं असं काही मला वाटलं नाही.

त्या दुपारी व्हीपीएन एकदाही तुटलं नाही. बाहेर झळा होत्या, बाबांच्या खोलीचं दार रोजच्यासारखं लावलेलं होतं. माझ्या खोलीत माझा कूलर घोंघावत होता, त्यामुळे दुसरं काही ऐकू येत नव्हतं. साठलेले दावे मी धडाधड निकाली काढले. फार दिवसांनी खुशीत होते. चहा घेऊन बाबांच्या खोलीत गेले तर त्यांचा कूलर बंद होता. ते पलंगावर आडवे पडले होते, अंग कोरडं आणि चटका बसेल इतकं तापलेलं, आणि कुणाला तरी पाणी सोडायला सांगत होते.

दवाखान्यात उष्माघात म्हणाले. सलाईन लागलं, ओल्या चादरी झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शुद्धीवर आले. मी विचारलं, "कूलर काहून बंद केला, बाबा?"

"दोघायचं एका लाईनवर कसं भागन? तुया कामाले लाईन पुरली पायजे ना."

मळ्यात एका डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्यांच्या मोटरी असायच्या. सगळ्या एकदम चालल्या की लाईन दमायची आणि कुणाचंच पाणी चढायचं नाही. मग ज्याचं पीक एखादा दिवस तग धरेल, तो आपली मोटर बंद करायचा आणि शेजाऱ्याच्या वांग्यांना पाणी जाऊ द्यायचा. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटायचं नाही. बाबांनीही मला सांगितलं नव्हतं.

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांच्या कूलरचा आणि व्हीपीएनचा काडीचा संबंध नव्हता. तेच सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं, "टिकली ना मंग काल?"

"टिकली, बाबा. एकदाबी नाही गेली."

ते हसले. ओठ फुटलेले होते, हसताना दुखलं असणार.

"मंग आजबी बंदच ठेवू," ते म्हणाले. "घरी गेलो का हातपंख्यावर भागवतो मी."

मी बरं म्हटलं. दुपारी त्यांच्या किडन्या बंद पडल्या आणि दिवस मावळायच्या आत बाबा गेले.