मायाच्या कमानीवर बंदूक नको

पहिल्यांदा फोन आला तेव्हा मी तो बंद केला. दुसऱ्यांदाही केला. पलीकडचा माणूस हिंदीत इतक्या हळू आणि अदबीनं बोलत होता की मला वाटलं, बँक खात्याचा नंबर विचारणाऱ्या चोरांपैकी कोणी असेल. आमच्याकडे असे फोन फार येतात. तिसऱ्यांदा त्यानं आधी माझ्या भावाचं नाव घेतलं, पुंडलिक, आणि मग त्याच्या मुलीचं, मायाचं. मग मी ऐकलं. दवाखान्यावर तोफेचा गोळा पडला... माया आत होती... चौकशी चालू आहे. मी विचारलं, "किस बात की चौकशी? उनको मालूम नहीं था क्या, दवाखाना किधर है?" त्यावर तो म्हणाला, कळवू. या गोष्टीला दोन महिने होत आले. चौकशी चालूच आहे.

मी चौथी शिकलेली आहे. मायावर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण तिच्या बापाला आता तिचं नाव काढलं की बोलता येत नाही. तिची आई लवकर गेली, त्यामुळे ती अर्धीअधिक माझ्याच चुलीपाशी वाढली. वाशिमला नर्सचं शिकली, अकोल्याला काही वर्षं नोकरी केली, आणि मग जिथं लढाई चालू असते तिथं दवाखाने चालवणाऱ्या एका परदेशी संस्थेत गेली. आठ-नऊ महिने तिकडे, महिनाभर इकडे. देशांची नावं मला घेता येत नाहीत. ती गेल्यापासून लोक तिला मायाळू, देवमाणूस, काय काय म्हणतात. ती तशी नव्हती. हट्टी होती, हुकूम सोडायची, माझ्या भाजीतल्या मिठावर डॉक्टरसारखी बोलायची आणि स्वतः लोणच्याशिवाय जेवायची नाही.

शेवटच्या सुट्टीत ती तिथलं सांगत होती. दवाखान्याच्या दारावर बंदुकीचं चित्र काढून त्यावर काट मारलेली. सैनिक असो की बंडखोर, बंदूक बाहेर ठेवायची आणि मगच आत यायचं. आत दोन्हीकडचे जखमी, बाया, लेकरं, सगळे शेजारी शेजारी झोपलेले. आणि छपरावर मोठी खूण रंगवलेली, शिवाय दोन्ही फौजांना नकाशा दिलेला, की आम्ही अमुक ठिकाणी आहोत.

मी म्हणाले, "मंग त्यायले मालूमच हाय ना, तुमी कोठी झोपता ते?"

"मालूम रायलं म्हणजेच सोडून देतेत, आत्या. तसा कायदा हाय."

"कायदा कोनाचा?"

"साऱ्या जगाचा."

"आपल्या गावात धुऱ्याचा कायदा कोनी पाळत नाई, अन् तू मले जगाचा सांगून रायली."

ती हसली. मला हसू आलं नव्हतं, आताही येत नाही. ज्या छपरावर ती खूण होती, गोळा त्याच छपरावर पडला.

धुऱ्याचं मी उगीच म्हणाले नव्हते. तीन वर्षांपूर्वी पेरणीच्या तोंडावर आमच्या आणि बबनच्या शेतामधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, माझ्या मुलाचं, संजूचं, त्याच्याशी भांडण झालं. बबन शेतीबरोबर गवंडीकाम करतो, अंगानं दणकट. त्यानं संजूच्या डोक्यात काठी घातली. संजूनं कुऱ्हाड चालवली, ती बबनच्या हाताला लागली. आमच्या वाशिमकडच्या मालेगावहून रिक्षा यायला वेळ होता. माया सुट्टीवर आलेली, म्हणून दोघांनाही पुंडलिकच्या ओसरीवर आणलं. ती दारात आडवी उभी राहिली.

"संजूदादा, कुऱ्हाड बाहेर ठेव. काठ्या बी बाहेर. मंगच आत या."

सगळ्यांनी ठेवलं. मग तिनं बबनला आधी आत घेतलं. माझा मुलगा डोक्याला पंचा दाबून उंबऱ्याबाहेर बसलेला, आणि ही त्याच्या वैऱ्याचा हात धरून बसलेली. मी तिला बोलू नये ते बोलले.

"आधी त्यानं मारलं व! तुह्या भावाले मारलं!"

तिनं मान वर केली नाही. "आधी कोनी मारलं ते पोलीस इचारतीन. मले फक्त रक्त कोनाचं जास्त चाललं ते पाहू दे. अन् तू उजेडातून सरक."

मी उजेडातून सरकले, पण त्या सुट्टीत तिच्याशी पुन्हा बोलले नाही. ती निघाली तेव्हा एसटीपर्यंतही गेले नाही. ती बरोबर होती हे मला पटायला वर्ष लागलं, आणि पटल्यावर मी तिला सांगितलं नाही. तिला कळलं असावं... पुढच्या खेपेला तिनं माझ्या भाजीला नावं ठेवली नाहीत.

आता गावाचं सांगते. तिच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे शोकसभेच्या दिवशी विहारासमोर मोठा फ्लेक्स लागला. मायाचा फोटो, तिच्या मागे रणगाडा, वर 'शहीद'. मुलांनी प्रेमानंच लावला होता. मग ग्रामसभेत ठरलं की रस्त्यावर तिच्या नावाची कमान बांधायची आणि दोन्ही खांबांवर सिमेंटच्या बंदुका बसवायच्या. मी उठले.

"तिच्या दवाखान्यात बंदूक घेऊन कोनाले येऊ देत नव्हते. अन् तुमी तिच्या नावावर बंदुका ठेवता?"

सरपंच म्हणाला, "आत्याबाई, शहीद म्हटलं का बंदूक येतेच. लोकायले समजलं पायजे, पोरगी लढाईत गेली म्हून."

"लढाईत नाई गेली. लढाईत सापडलेल्या लोकायले टाके घालाले गेली."

"तेच तं म्हणतो मी."

"ते तेच नाई."

मागून कोणी म्हणालं, बुढीला बसवा. सगळ्यांनी हात वर केले. संजूनंही केला. घरी आल्यावर म्हणतो, "माय, साऱ्यायनं केला म्हून केला." ज्याच्या डोक्यावर तिच्या टाक्यांचा वण आहे, त्याला एवढंही कळू नये?

कमानीचं काम बबनला मिळालं. आमचं बोलणं बंदच होतं, तरी मी त्याच्या घरी गेले. म्हणाले, त्या बंदुका बसवू नको. तिनं टाके घातलेल्या हातावरून त्यानं दुसरा हात फिरवला. मग म्हणाला, "मले सांगतलं ते मी करतो, आत्याबाई. मी नाई केलं तं दुसरा करीन." तो गोळा सोडणाऱ्यानंही घरी जाऊन असंच सांगितलं असेल.

तेव्हापासून मी रोज सकाळी कमानीपाशी जाते आणि खांबाच्या अगदी बुडाशी खुर्ची टाकून बसते. खाली माणूस बसलेलं असताना वर एवढं वजन चढवायचं नसतं, हे बबनला कळतं. तो दुसऱ्या खांबाकडे वळला की मी खुर्ची तिकडे नेते. खांब उभे झाले आहेत. बंदुका कडेला पोत्यात गुंडाळून पडल्या आहेत. मालेगावकडून येताना कुणाला अर्धवट कमान दिसली तर ठेकेदाराला शिव्या देऊ नका, ती माझ्यामुळे अडली आहे.

काल संध्याकाळी बबन म्हणाला, "उद्या नका येऊ."

"काहून?"

"सरपंच म्हणते, उद्या बसवाच."

"मंग तं येणंच हाय."

हे मी तिथंच बसून लिहिते आहे. सरपंच येऊन गेला, गाडीवरून उतरलाही नाही. बबन समोर बसून तंबाखू मळतो आहे. शिडी अजून आडवीच आहे.