पार्बताबाईचा पाय

पार्बताबाई जन्मली ती पाय पुढे करून. बाकीची लेकरं डोक्याकडून जगात येतात, ही पायाकडून आली, आणि पुढची अडुसष्ट वर्षं तिनं डोक्यापेक्षा पायावरच जास्त भरवसा ठेवला. अशा माणसाला पायाळू म्हणतात. कोणाच्या पाठीत चमक भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावायचा, म्हणजे चमक निघून जाते, हे नांदगाव पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

रीत तशी सौम्य आहे. सकाळच्या पारी, उपाशी पोटी, पाय पाठीला तीनदा टेकवायचा, बस. पण पार्बताबाईला हे नुसतं टेकवणं पटत नसे. लावलेलं लागलं पाहिजे, असं तिचं मत होतं. ती माणसाला चौकट धरून उभी करी, दोन पावलं मागं जाई, लुगड्याचा काचा आवळी आणि टाच अशी हाणी, की माणसाच्या तोंडून आईचं नाव आणि पाठीतून 'कट' असा आवाज एकदमच निघे. "ऐकलं का? निघाली!" पार्बताबाई म्हणे. आवाज झाला म्हणजे चमक निघाली, हा तिचा सिद्धांत होता आणि त्याला गावात कोणी आव्हान दिलेलं नव्हतं, कारण आव्हान देणाऱ्यालाही कधी ना कधी चमक भरणारच होती.

एमआयडीसीत कापडाचे कारखाने आल्यावर तर तिच्या पायाला दम घ्यायला फुरसत उरली नाही. गाठी उचलणारे पोट्टे सकाळी मोटरसायकली लावून रांगेत उभे राहत. ती कोणाकडून छदाम घेत नसे, घेतला तर पायाचा गुण जातो म्हणून. कौतुक मात्र भरपूर घेई. पाय लावून झाले की फाट्यावर मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन बसे, आणि गिऱ्हाईकाला जुडीसोबत एखाद्या पाठीची गोष्टही देई.

सगळ्यात लाडकी गोष्ट सुभद्राची. सुभद्रा तिची लहानपणची मैत्रीण, फुलांचे हार करून विकणारी. सहा वर्षांमागं दसऱ्याला झेंडूचं गाठोडं उचलताना तिच्या पाठीत चमक भरली. पार्बताबाईनं पाय लावला तेव्हा आवाज इतका मोठा झाला, की अंगणातली बकरी दावं तोडून पळाली. ही बकरी दरवर्षी थोडी थोडी लांब पळत होती. शेवटच्या सांगण्यात ती थेट हायवेवर पोचली होती.

असं सगळं छान चाललेलं असताना घरातल्या वस्तू वाढायला लागल्या.

आधी स्वयंपाकघरातली फळी वाढली. जिथला तिखटाचा डबा पार्बताबाई पंचवीस वर्षं हात वर करून काढत होती, तो हाताला लागेना. तिनं सुनेला, रागिणीला धारेवर धरलं. "फळी काहून वर घेतली व? मी तिखट खातो ते बघवत नाही काय तुले?" रागिणी म्हणाली, "आत्याबाई, फळी आहे तिथंच आहे." मग आरसा वाढला. त्यात नुसतं कपाळ दिसू लागलं. दिवाळीच्या रंगाच्या वेळी मनोजनं खिळा वर ठोकला असणार, असा निकाल देऊन तिनं पोराशी दोन दिवस अबोला धरला. मग कपडे वाळत घालायची तार वाढली. पार्बताबाईची पक्की खात्री झाली, की सूनमुलगा मिळून तिला घरातून काढायचा घाट घालताहेत आणि सुरुवात तारेपासून केलीय. आपणच खाली चाललोय, ही शंका तिच्या मनाला शिवली नाही.

आणि एका सकाळी रागिणीनं मिरचीची फोडणी दिली आणि पार्बताबाईला शिंक आली. एकच शिंक. पण तिच्यासरशी पाठीत असा काही लोळ उठला, की ती चुलीपुढं होती तशीच गोठली. वाकता येईना, बसता येईना, श्वास घ्यायची चोरी.

पायाळू बाईच्याच पाठीत चमक! बातमी दुपारपर्यंत फाट्यावर गेली.

आता पायाळूला पाय कोण लावणार? गावात दुसरा पायाळू एकच होता, नत्थुजी. त्याला पार्बताबाई गेली तीस वर्षं खोटा पायाळू म्हणत आली होती. त्याचं आधी डोकंच बाहेर आलं होतं, बापानं पुढे हूल उठवली, असं ती सांगे, जणू सुइणीशेजारी ती स्वतः कंदील धरून बसली होती. त्यामुळं आठ दिवस तिनं दात आवळून काढले. नवव्या दिवशी मनोज तिला न विचारता नत्थुजीला घेऊन आला.

नत्थुजी बहात्तर वर्षांचा. त्यानं चहा घेतला, मग आणखी अर्धा कप घेतला, चौकटीपाशी वाकड्या उभ्या असलेल्या पार्बताबाईकडे पाहिलं आणि हळूच पाय उचलून बघितला. तो वीतभर उचलला आणि गुडघा कुरकुरला. नत्थुजीनं पाय परत ठेवला.

"बाई, पायाळूच्या पाठीले पायाळूचा पाय चालत नसते," तो गंभीरपणे म्हणाला.

हा नियम त्यानं त्याच क्षणी तयार केला होता हे पार्बताबाईला कळलं. पण त्या नियमात तिचीही इज्जत राहत होती. "हाव ना बाप्पा. माह्या मायनं बी तसंच सांगतलं होतं," ती म्हणाली. तीस वर्षांचं वैर असं दोन खोट्या वाक्यांत मिटलं आणि आता दवाखान्याशिवाय इलाज उरला नाही.

अमरावतीच्या दवाखान्यात पाठीचा फोटो निघाला, मग हाडांची घनता मोजायच्या यंत्राखाली तिला निजवलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी फोटो उजेडापुढं धरला.

"आजी, तुमचे तीन मणके दबून मोडलेत. एक ताजा आहे, दोन जुने. कुठं पडला होतात का?"

"मी? मी नाही पडत. मले फक्त शिंक आली."

"शिंकेनंही होतं, हाडं इतकी विरळ झाली की. तुमच्या हाडांची घनता उणे साडेतीन आहे."

पार्बताबाईला हा शब्द झोंबला. "उणे? मॅडम, मी आजवर कोनाले पावभर सांभार उणा देल्ला नाही!"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हा वजनकाट्याचा उणा नाही. पाळी गेल्यावर बाईचं हाड हळूहळू आतून पोखरतं, दुखत नाही, कळत नाही, आणि मग एक दिवस मणका बसतो. पुरुषांचंही होतं, फक्त उशिरा. पार्बताबाईला जुनं पोतं आठवलं. बाहेरून धड दिसतं, उचलायला जावं तर बूड सुटतं. मग डॉक्टरीणबाईंनी तिची उंची मोजली. पार्बताबाईनं स्वतःची जी उंची सांगितली होती, त्यात पुरते दोन इंच कमी भरले. म्हणजे फळी, आरसा आणि तार तिघंही निर्दोष सुटले. पार्बताबाईनं सोबत आलेल्या रागिणीकडे पाहिलं. माफी मागायची तिला सवय नव्हती. "फळी राहू दे तिथंच," एवढंच ती म्हणाली.

पट्टा मिळाला, गोळ्या मिळाल्या, सुई ठरली. वाकून ओझं उचलायचं नाही, रोज थोडं चालायचं, उन्हात बसायचं. उठता उठता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि एक. तुमच्याकडं ते पायाळूचं खूळ आहे ना, पाठीत लाथ मारून घ्यायचं? ते चुकूनही करू नका. एखाद्या म्हाताऱ्या बाईचं हाड असं असलं, तर लाथेनं मणका मोडतो. लोक म्हणतात कट वाजलं, चमक निघाली. कधी कधी तो मणकाच असतो."

रागिणीला खोकला आला. पार्बताबाई राम राम न करताच दाराकडं वळली. तिच्या आयुष्यात असं क्वचितच झालं होतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी ताठ बसून पाठी आठवत होती. तरण्या पोट्ट्यांचं काही नाही, ते लाथ मारली नसती तरी चार दिवसांत बरे झाले असते. म्हाताऱ्या बाया किती? एक आठवली, ती वारली होती. दुसरी लेकीकडं अकोल्याला गेली होती. आणि तिसरी सुभद्रा. सुभद्रा त्या दसऱ्यानंतर बाजारात कमी कमी येत गेली. पुढच्या वर्षी तिची पाठ वाकली. आता तर ती चालताना जमिनीशीच बोलते. वय झालं, असं सगळे म्हणाले. पार्बताबाईच सगळ्यात आधी म्हणाली होती. आणि बिचारी सुभद्रा येईल-जाईल त्याला सांगत राहिली, "पार्बताच्या पायानं बरी झाली बाप्पा."

दुसऱ्या दिवशी एक पोट्टा चौकट धरून उभा राहिला. "आधी फोटू काढून आन," पार्बताबाई म्हणाली. तो हसला. ती हसली नाही. संध्याकाळपर्यंत गावात झालं, की पार्बताबाईच्या पायाचा गुण गेला, रांग आता नत्थुजीकडं. नत्थुजीनं घाईनं अधिक महिन्याचं निमित्त सांगून दार लावून घेतलं. अधिक महिना नव्हता, पण तपासतो कोण.

चार दिवस पार्बताबाई सुभद्राच्या दारावरून पट्टा आवळून चालत गेली आणि परत आली. पाचव्या दिवशी आत शिरली. सुभद्रा सुई-दोऱ्यानं शेवंती ओवत होती, नाक अगदी फुलांना टेकलेलं.

"सुभद्रे, तुह्या पाठीचा फोटू काढू. चाल अमरावतीले."

"पाठीचा फोटू कोनाले दाखवतं व? स्थळ आलं काय मले?"

"चाल म्हनलं ना."

आणखी बोलायचं होतं ते एसटीत बोलू, असं पार्बताबाईनं ठरवलं. एसटीत ती मेथीचे भावच सांगत राहिली. दवाखान्यात रागिणी नाव लिहायला थांबली. डॉक्टरीणबाईंच्या उघड्या दाराशी बाकावर नांदगाव पेठेच्याच दोन बाया बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सुभद्राचा फोटो बघितला. "हा मधला मणका पार चपटा झालाय. जुना आहे. मागं कधी पडला होतात, मार लागला होता?"

"हाव मॅडम," सुभद्रा लगेच म्हणाली. "आंगनात पानी सांडलं होतं, त्यात घसरली. सहा वर्षांमागच्या सकाळची गोष्ट आहे."

उत्तर फारच तयार होतं. पाणी, अंगण, सकाळ, सगळं जागच्या जागी. पार्बताबाईला लख्ख कळलं, की सुभद्रा कधी घसरली नव्हती. तिला त्या सकाळीच कळलं होतं काय वाजलं ते, आणि हे उत्तर तिनं सहा वर्षं घडी करून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर मैत्रिणीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून. कोणी विचारलंच नव्हतं.

गप्प बसलं तर निभत होतं. बाकावरच्या दोन बाया कान देऊन होत्या. त्यांच्यासोबत हे संध्याकाळच्या आत फाट्यावर पोचणार होतं, बकरीच्याही पुढं.

"खोटं सांगून राहिली मॅडम ते," पार्बताबाई म्हणाली. "पडली नोहती. म्या लाथ मारली होती."

डॉक्टरीणबाईंचा पेन थांबला. सुभद्रानं मान वर करायचा प्रयत्न केला. ती जेवढी वर झाली तेवढ्यात तिला पार्बताबाईचं तोंड दिसेना, पट्टाच दिसला.

"जोरात नोहती मॅडम," ती पट्ट्याकडं बघत म्हणाली. "हळूच लावला होता तिनं पाय."

जन्मभर जोराचा म्हणून मिरवलेला तो पाय कोणीतरी पहिल्यांदाच हळू म्हटला, आणि पार्बताबाई तिथंच उभ्यानं ओक्साबोक्शी रडली. पट्ट्यामुळं तिला धड वाकूनही रडता येईना.