गजाला लागलेलं तेल

पद्माकर परदेशात, पाया लेबार भागातल्या एका बँकेत अकाउंटंट होता. ऑफिसात त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये मात्र दारं आपटत. २००६च्या दसऱ्याला सकाळी त्याने लॅपटॉप, सुऱ्या आणि मुलीचं, इराचं व्हायोलिन पूजेला मांडलं. समईच्या तेलात बोट बुडवून त्याने व्हायोलिन वाजवायच्या गजाच्या केसांवरही हळदकुंकू ओढलं.

दुपारी व्हिएन्नाहून आलेल्या बाईंसमोर इरा वाजवू लागली, तर तो गज तारांवरून नुसता घसरत राहिला, सूर उमटेना. तिथल्या संगीत विद्यालयासाठी त्या एकच मुलगी निवडणार होत्या. “उद्या दुसरा गज घेऊन ये,” त्या म्हणाल्या.

घरी येताच इराने गज देवांवर भिरकावला. समई उलटली.

“तेल लावलंस? हू डझ दॅट, बाबा!”

“देवावर फेकतेस, कार्टे?”

पद्माकरने तिचा डावा हात पकडून पिरगळला. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली, तसा त्याने आणखी जोर लावला. काहीतरी कट्‌कन मोडलं.

त्याची बायको विनीता धावत आली. इराची करंगळी भलतीकडे वळली होती.

“उद्या कुठल्या बोटांनी वाजवू?” इराने विचारलं.

पद्माकरने हात अजून सोडला नव्हता.