अकिनी कोनमध्ये कशी राहते, ते बघायला

“आई, भिवंडीला कोण फिरायला जातं?” मुक्ताने विचारलं.

खरंच होतं तिचं. या ब्लॉगवर मी आजवर किल्ले लिहिले, घाट लिहिले, समुद्र लिहिला. गोदामांचं गाव कधी लिहिलं नाही. पण या वेळी मी फिरायला निघालेच नव्हते. मुक्ता, माझी मुलगी, एकोणीस वर्षांची आहे. व्हॉलीबॉल खेळते. पोलंडमधल्या एका छोट्या क्लबने तिला दोन मोसमांसाठी बोलावलं आहे. घरात आम्ही दोघीच. कायद्याने तिला माझी परवानगी लागत नाही, पण तिला ती हवी होती, आणि महिनाभर माझ्या तोंडून ‘हो’ निघत नव्हतं.

अशात ऑफिसातली वंदना म्हणाली, “माझ्या शोभामावशीकडे केनियाची एक कबड्डीपटू राहते, अकिनी. भिवंडीच्या क्लबने पगारावर आणलीय. परक्या देशात पोरगी कशी राहते ते बघायचंय ना? मग बघून ये की!”

नाशिकहून सकाळची एसटी धरली. कसारा घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते. पडघ्यानंतर कंटेनरांच्या रांगा सुरू होतात. जाणार असाल तर तासभर जास्तीचा धरा आणि पाणी जवळ ठेवा. बऱ्याच गाड्या शहरात न शिरता हमरस्त्यावरच सोडतात. मी रांजनोली नाक्यावर उतरले आणि कल्याणकडे जाणाऱ्या शेअर रिक्षाने शोभाताईंच्या गावी, कोनला पोचले.

शोभाताई दापोड्याच्या गोदामातली शिफ्ट संपवून नुकत्याच आल्या होत्या. “जयभीम, या. पोरगी वर हाय. आधी खोली बघता का चहा घेता?” मी कशासाठी आले आहे हे त्यांना नीट ठाऊक होतं. मी आधी खोली बघितली. पलंग, पंखा, दाराला आतून कडी. ती कडी मी लावून पाहिली, काढून पाहिली. अकिनी भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. सहा फुटांच्या आसपास उंच, आणि हसणं त्याहून मोठं. “मजबूत हाय,” ती म्हणाली. “मैंने भी पहले दिन देखा था.”

तिचा तो ‘हाय’ ऐकून शोभाताईंना हसू आवरेना. “हिचा ऐका. आली तेव्हाची गोष्ट. मी गॅलरीतून शेजारणीला विचारायची, पानी हाय का गो? ती बोलायची, हाय! आणि ही वरून हात हलवून, हाय! हाय! मला वाटलं वरच्या नळाला पण पानी आला. बादल्या घेऊन धावली ना मी!”

“सगळे इतके प्रेमाने हाय करतात, मला वाटलं,” अकिनी म्हणाली. आमचं बोलणं असंच चाललं, तिच्या हिंदीत, माझ्या मराठीत, अडेल तिथे इंग्रजीत.

संध्याकाळी शोभाताई तांदळाच्या भाकरीची उकड काढत होत्या. उकळत्या पाण्यात पीठ, वर झाकण, मग उलथन्याने घोटणं. त्यांनी त्यातला गोळा न मळता तसाच एका ताटलीत काढला आणि शेजारी जवळ्याचं सुकं वाढलं. अकिनी बोटांनी उकडीचा घास मोडायची, अंगठ्याने त्यात खळगा करायची आणि त्यात जवळा उचलायची.

“हिच्या घरी मक्याच्या पिठाचा असाच करतात,” शोभाताई म्हणाल्या. “उगाली. मला काय माहीत? मी पहिल्यांदा उकड काढली तर ही परातीला हातच लावू देईना. ‘मौसी, बस, इथेच थांब.’ मी बोलते, अगो भाकरी व्हायचीय अजून! तर ही खाते आणि रडते, रडते आणि खाते.”

मी तो गोळा बघत राहिले. आयुष्यभर मी उकड काढली, पण ती माझ्यासाठी नेहमी भाकरीच्या अलीकडची गोष्ट होती. कुणाचं तरी अख्खं घर तिथेच असू शकतं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकिनीचा सराव बघायला गेले. निळी मॅट, समोर सात मुली आणि ही एकटी. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत ती आत शिरली की हॉल छोटा वाटायला लागतो. “पाय धर, पाय धर तिचा!” कुणीतरी ओरडलं. “पाय कुठला गं, खांब आहे तो!” सगळ्या जणी तिच्यावर कोसळल्या आणि त्या ढिगातून एक लांब हात सरकत सरकत आला. मधल्या रेषेला फक्त बोटाचं टोक लागलं. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते, हे मला नंतर कळलं.

मग आम्ही दोघी भिवंडीतल्या निजामपुऱ्यात गेलो. तिथे पायीच फिरा. रिक्षा निम्म्या गल्ल्यांत शिरत नाही. दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, त्यात ओरडून बोलायचं. बिर्याणी छान मिळते, दुपारी लवकर जा. अकिनी हाताने दाखवत चालली होती. “हे दुकान, आमच्याकडे दुका. साबण, साबुनी. औषध, दावा. चाय तर चायच.”

“मग परकं काय वाटलं?” मी ओरडून विचारलं.

“संडे,” ती म्हणाली. “बाकी दिवस मी प्लेअर. संडेला मी कोण?”

कापडाच्या एका दुकानाच्या पायरीवर बसून मी शेवटी विचारलंच. तुझ्या आईने कसं पाठवलं तुला?

“पाठवलं नाही. एअरपोर्टवर आली पण नाही. मी इथून रोज फोन करायची, सगळं छान आहे. रोज खोटं. आई म्हणायची, बरं. आता कळतं, तिला माहीत होतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमची मुलगी पण खोटं बोलेल. बोलू द्या. तिथे कुणीतरी मौसी मिळेपर्यंत.”

“आणि नाहीच मिळाली तर?”

ती खांदे उडवून म्हणाली, “तर परत येईल. वो भी ठीक है.”

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी एवढंच घोळवत होते. मी कडी बघायला गेले होते. कडी बघता येते. पोलंडमधली ती अनोळखी बाई, जी माझ्या मुलीसाठी आपलं काम अर्ध्यावर थांबवेल, ती आधी जाऊन बघता येत नाही. पण अशा बाया असतात, हे मी कोनमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरी पोचले तेव्हा मुक्ता दारातच उभी होती. चपला काढता काढताच मी म्हणाले, “जा तू.”

मला वाटलं ती उडी मारेल. तिचा चेहराच उतरला. “तू नाही म्हणशील असं धरून चालले होते मी,” ती म्हणाली. “आता मलाच जावं लागणार.” आणि महिनाभर माझ्याशी भांडलेली ती पोर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.

आम्ही तिथेच उंबऱ्यावर बसलो. घाबरण्याचं काम इतके दिवस मी एकटी करत होते; आता दोघींनी मिळून केलं. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं आणि विचारलं, “आई, तिकडच्या थंडीला कोट कसला घेतात गं?”