बाजारातलं बोलणं

हल्ली आमच्या घरात काही संपतच नाही. साखर तळाला गेली की सून फोनवर अंगठा फिरवते आणि माझा चहा पिऊन होईस्तोवर दाराची बेल वाजते. सगळे म्हणतात केवढी सोय. मी म्हणतो, वाट लागली. माझं कुणाला पटत नाही, पण मला काय वाटतं ते मी सांगणार.

लग्न झालं तेव्हा घाटकोपरला, डोंगराच्या उतारावरच्या चाळीत आम्ही एका खोलीत सात माणसं राहायचो. आई, बाप, दोन भाऊ, बहीण आणि आम्ही दोघं. रात्री दोरीवर साडी टाकली की ती आमची भिंत. भिंतीपलीकडून बाप खोकला की समजायचं, ऐकू जातंय. मग नवराबायकोनं बोलायचं कुठं? बाजारात.

संध्याकाळी मी कारखान्यातून आलो की ही हळूच म्हणायची, मीठ संपलंय. बरणी भरलेली असायची, ते आईलाही दिसायचं. आम्ही दोघं चपला घालायला लागलो की आई कोपऱ्यातून तिच्या मालवणीत बोलायची, "मीठ हाडूक दोघांनी कशाक जावक व्हया? गोणी हाडतास काय?" ही पदर तोंडाला लावून हसू दाबायची. पण आईनं अडवलं कधीच नाही. तीही कधीतरी सून होतीच की.

बाजारात कुणाला कुणाचं ऐकायला सवड नसते. ही गवारीच्या शेंगा मोडून बघायची आणि मान खाली घालून बोलायची. लांबून वाटावं, भाजीवाल्याशी घासाघीस चाललीय. दिवस राहिल्याचं मला तिनं कांदे निवडता निवडता सांगितलं. मी म्हटलं, खरं? तर म्हणते, "आधी त्याचे पैसे द्या, खोळंबलाय तो." कारखाना बंद पडणार हे मी तिला मासळीबाजारात सांगितलं. तिच्या हातात पापलेट होतं. तिनं ते परत टोपलीत ठेवलं, बोंबील घेतले आणि चालता चालता एवढंच म्हणाली, "बघू." त्या एका शब्दावर मी ते अख्खं वर्ष काढलं.

पुढं चाळ गेली, तिथंच टॉवर उभा राहिला. आम्हाला दारं असलेल्या खोल्या मिळाल्या, आतून कडी लागणाऱ्या. पण सवय काही जाईना. दार लावून बसलो तर नुसती एकमेकांची तोंडं बघायचो. बोलायला पिशवी घेऊन खालीच जावं लागायचं. सून म्हणायची, आई, मी मागवते ना फोनवरून. ही म्हणायची, त्या फोनातली कोथिंबीर हातात घेऊन बघता येते का? कोथिंबिरीचं कारण खोटं होतं. ते मला ठाऊक, तिला ठाऊक.

गेल्या वर्षी ती गेली.

मासळीबाजारात मी एकटाच दिसायला लागलो, तेव्हा आमच्या नेहमीच्या कोळणीनं माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं मासे साफ करून दिले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. फोनाला मात्र ती अक्कल नाही. हिच्या सुजलेल्या पायांसाठी मुलानं एकदा मोजे मागवले होते. त्यांचं अजून येतं त्याच्या फोनवर, पुन्हा मागवा, पुन्हा मागवा. मुलगा म्हणतो, बाबा, आता प्रायव्हसी म्हणून काही राहिलेलीच नाही, सगळं त्यांना कळतं. अरे, चाळीतही सगळं सगळ्यांना कळायचं. पण ज्याला कळायचं त्याला आपल्यासमोर तोंड घेऊन यावं लागायचं. कुठं गप्प बसायचं हे त्याला समजायचं.

तर मी संध्याकाळी बाजारात जातच राहिलो. आणि तिच्याशी बोलतही राहिलो. मनातल्या मनात नाही, तोंडानं. भेंडी जून आहे, गुडघा दुखतोय, सुनेला बढती मिळाली, असलंच काहीबाही.

आमच्या मजल्यावरच्या एका शहाण्यानं ते बघितलं आणि मुलाच्या कानावर घातलं, तुमचे वडील रस्त्यात एकटेच बडबडतात. मुलगा घाबरला. मला समोर बसवलं. म्हणाला, डॉक्टरकडं जाऊ, आणि उद्यापासून तुम्ही बाजारात जायचं नाही, गाडीखाली याल. त्यानं स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. कुठं दाबायचं ते दाखवायला लागला.

"बाबा, इथं बसल्या जागी सगळं मिळतं."

मी म्हटलं, "तुझी आई मिळते का बघ त्यात."

त्यानं माझ्या हातातला फोन काढून घेतला. मग मी त्याला सगळं सांगितलं. दोरीवरची साडी, मिठाची बरणी, सगळं. तू येणार हे मला कांद्याच्या गाडीपाशी कळलं, हेही सांगितलं. म्हटलं, घरात मला तिचा आवाज येत नाही रे, तिथं येतो. ते बंद केलंस तर मी बोलू कुणाशी? सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली आणि एक डबी आली. आत पावट्याएवढ्या दोन पांढऱ्या गोळ्या. मुलानं त्यातली एक माझ्या कानात बसवली. म्हणाला, "आता जा आणि खुशाल बोला. बाजारात निम्मी माणसं एकटीच बोलत असतात. कुणी ढुंकून बघणार नाही."

मी विचारलं, ही चालू कशी करायची?

"चालू कशाला करायचीय, बाबा?"

त्या फोननं आजवर माझ्या कामाची एकच वस्तू आणली, तीही बंद.

संध्याकाळी कानात ते घालून मासळीबाजारात उभा होतो. हिला सांगत होतो की पोरगं शहाणं झालंय. कोळणीनं सुरी खाली ठेवली.

"कुणाशी बोलतोस रे बाबा?"

"घरी," मी म्हटलं.

तिनं माझ्या कानाकडं बघितलं, मग तोंडाकडं. "मग विचार तिला, बांगडा देऊ का मांदेली?"

मी विचारलं. थोडा थांबलो. "मांदेली म्हणते. पण वाटा लहान आहे म्हणते."

कोळणीनं वाट्यावर आणखी मूठभर मांदेली टाकली. म्हणाली, "आता बघ म्हणावं."