तोफेला लावलेली हळद

मूर्खपणा काय, कोणीही करतो. पण देशाच्या संरक्षण खात्याला सोबत घेऊन करायला अंगात कला लागते. ती माझ्यात किती ठासून भरलीय, ते आता ऐकाच.

कोल्हापूरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. तोफेच्या एका नव्या भागाचं काम आलं आणि मालकांनी दम भरला, "घरात बायकूलाबी कळता कामा न्हाय." इतकी कडक गुप्तता, की गेटवरचा चहावाला दबक्या आवाजात विचारायचा, "तोफ कुठवर आली?"

मी तपासणीला. दसरा झाला की मला कायम करणार होते, त्यामुळे उत्साह जरा उतू चाललेला.

खंडेनवमीला मशीनं, पाने, हातोडे सगळं पूजलं. म्हटलं, खरं शस्त्र तेवढं राहिलं की! गेलो आतल्या खोलीत. तेल लावून ठेवलेल्या त्या चकचकीत भागाला हळद वाहिली, हार घातला, नारळ फोडला.

तेवढ्यात बाहेर मालकांचा आवाज. सोबत दिल्लीचे साहेब. नमुना आजच न्यायचा होता म्हणे. मला कोण सांगणार, गुप्त होतं ना!

हार आणि नारळ टेबलाखाली ढकलले. हळद पुसायला गेलो, तर ती तेलात कालवली जाऊन सगळीकडे पसरली.

मालक कामगारांना म्हणाले, "उचला."

कोणी हलेना. एकजण पुटपुटला, "पूजलंय मालक. उद्या दसऱ्यालाच हलवायचं. आज हात लावत न्हाय आम्ही."

आता नोकरी गेली म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर मालक चपला काढून नमस्कार करत होते.

साहेबांना मराठीचा गंध नाही. बोट फिरवून म्हणाले, "ये पीला क्या है?"

मी ठोकून दिलं, "कोटिंग है सर. कल तक हिलाने का नहीं."

"कौन सा कोटिंग?"

"सीक्रेट है सर."

साहेब खूश. मुक्काम केला आणि दसऱ्याला नमुना घेऊन गेले.

पुढं निरोप आला, नमुना पास. गंजाचा ठिपका नाही. यापुढं प्रत्येक नगाला तेच कोटिंग पाहिजे.

मालकांनी केबिनमध्ये घेतलं. "खरं सांगिटलं तर काम जातंय. आता तूच निस्तर."

झालो कायम. डिप्लोमा केलेला माणूस मी, दार लावून तेलात हळद कालवतो.

परवा सासरे आले. चारचौघांत विचारलं, "जावईबापू, तोफेच्या कामात तुमी नेमकं काय करतासा?"

"सांगायची बंदी हाय, मामा."

त्यांची छाती फुगली. तोफेचं तर अख्ख्या कोल्हापूरला ठाऊक आहे. कारखान्यात गुप्त म्हणावं असं आता एकच काम उरलंय, आणि ते मी करतो.